पटवाऱ्याला पटवारी म्हटलं तरी सातबारा मिळतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या महिन्यात तुमच्या रविवारच्या पुरवणीत आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या मुलांबद्दल वाचलं. जगभर वापरल्या जाणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ही मुलं सुधारणा पाठवतात, त्या स्वीकारल्या जातात आणि मग त्यांना नोकऱ्याही मिळतात. वाचून बरं वाटलं. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात गणित शिकवते, आणि या मुलांची कारागिरी ज्या टोकाला येऊन पोचते त्या टोकाला बसलेली आहे. सॉफ्टवेअरमधली जुनी नावं आणि अर्थ बदलले की तिथून काय दिसतं ते कुणी त्यांना सांगत नाही, म्हणून हे पत्र. थोडं लांबेल. कात्री लावायची तर माझ्या तक्रारीला लावा, आकड्यांना नको.

आमच्या प्रयोगशाळेत चौदा कॉम्प्युटर. त्यांतले सात जुने. उरलेल्या सातांवर जूनमध्ये पहिल्या पावसाआधी वीज कडाडली तेव्हा संकट आलं आणि ते गेले. त्यांच्या जागी नवे आले. नवे आले तरी त्या बाजूच्या वायरिंगचं काम दिवाळीपर्यंत रखडलं, त्यामुळे मुलांचा सगळा सराव जुन्या सातांवरच झाला. नव्यांवर सॉफ्टवेअर टाकलं ते आमच्याच एका माजी विद्यार्थ्याने, स्वतःच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, दोन दुपारी बसून. जे सगळ्यात ताजं मिळालं ते त्याने टाकलं. त्याचं काही चुकलं नाही. ‘अपडेट ठेवा’ हेच तर सगळे सांगतात.

तिसऱ्या वर्षाच्या मुलांना मी एक प्रात्यक्षिक देते, ते माझं आवडतं आहे. नाल्याकाठचं वावर मोजायचं. एका बाजूला सरळ धुरा, म्हणजे बांध, दुसऱ्या बाजूला वेडावाकडा नाला. धुऱ्यावरून दर दहा मीटरला टेप लावायची आणि तिथून नाल्यापर्यंत रुंदी मोजायची. आमच्या मॅन्युअलमधल्या वावराची मापं अशी: १८, २४, २७, २५, ३१, ३६ मीटर. सहा मापं, पाच पट्टे. याचं क्षेत्रफळ समलंब चौकोनांच्या नियमाने (दोन मापांमधला काठ सरळ धरून) काढायचं आणि मग सिम्पसनच्या नियमानेही (काठ वक्र धरून). पहिल्याचं उत्तर १३४० चौरस मीटर, म्हणजे सव्वातेरा गुंठे. हातानेही करायचं आणि पायथॉन या कॉम्प्युटरच्या भाषेत सायपाय वापरूनही. सायपाय म्हणजे गणित आणि विज्ञानाच्या आकडेमोडीचं फुकट मिळणारं, खुलं भांडार. त्यात या दोन नियमांची नावं होती ‘ट्रॅप्झ’ आणि ‘सिम्प्स’. मॅन्युअलमध्ये तीच छापलेली, मुलांच्या हातात तीच बसलेली.

परीक्षा दिवाळीनंतर झाली, ऐन कापूस वेचणीत. अर्धी मुलं सकाळी वावरात जाऊन आलेली. यवतमाळहून बाहेरचे परीक्षक आले होते आणि त्यांना साडेपाचची एसटी गाठायची होती. प्रोग्राम सुरू केले तसा नव्या सात कॉम्प्युटरांवर लाल अक्षरांचा ढीग आला. एक पोरगा म्हणाला, “मॅडम, हे तं ट्रॅप्झ ओळखूनच नाही राहिलं.” शेजारचीचंही तेच. त्या लाल मजकुरात एवढंच की या नावाचं काही इथून आणता येत नाही. मग कुठून आणायचं, त्याला आता काय म्हणतात, काही नाही.

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन मोबाइलवर शोधलं. २०२० च्या डिसेंबरअखेर आलेल्या १.६ आवृत्तीत ‘ट्रॅपेझॉइड’ आणि ‘सिम्पसन’ ही पूर्ण, वाचता येतील अशी नावं आली होती. जुनी तोडकी नावं काही वर्षं सोबत चालत राहिली आणि जून २०२४ च्या १.१४ आवृत्तीत काढून टाकली गेली. मी सातही कॉम्प्युटरांवर नावं बदलून दिली. दहा मिनिटांचं काम. इथवरच असतं तर मी तुम्हाला पत्र लिहिलं नसतं.

पण मग उत्तरं आली. समलंबाच्या नियमाचं सगळीकडे १३४०. सिम्पसनचं मात्र जुन्या कॉम्प्युटरांवर १३४०.८३ आणि नव्यांवर १३३२.५०. तीच मापं, तोच प्रोग्राम, तोच नियम. परीक्षकांच्या हातात माझंच मॅन्युअल, त्यात १३४०.८३. त्यांनी नव्या बाजूच्या सात जणांच्या उत्तरांवर लाल रेघ ओढायला सुरुवात केली. त्यांचंही काही चुकलं असं मी म्हणणार नाही. छापील उत्तर एक आणि स्क्रीनवरचं दुसरं, तर माणूस छापलेल्यावरच विश्वास ठेवतो.

मी पेन्सिल घेऊन बसले. सिम्पसनच्या नियमाला पट्ट्यांची संख्या सम लागते, आमचे पाच. (सम घ्यायला हवे होते हे मलाही कळतं. पण त्या वावराचा धुरा पन्नास मीटरवर बाभळीपाशी संपतो. वावरं पाठ्यपुस्तक बघून कापलेली नसतात.) उरलेल्या एका पट्ट्याचं काय करायचं, हा खरा प्रश्न. जुनं सायपाय एकदा शेवटचा पट्टा बाजूला ठेवायचं, एकदा पहिला, बाजूला ठेवलेल्याला समलंब नियम लावायचं आणि दोन्हींची सरासरी घ्यायचं. हाताने करून पाहा: १३३१.६७ आणि १३५०, सरासरी १३४०.८३. २०२३ मधल्या १.११ आवृत्तीपासून पद्धत बदलली. आता पहिल्या चार पट्ट्यांना सिम्पसन, आणि शेवटच्या पट्ट्यासाठी शेवटच्या तीन मापांतून जाणारा परवलय (पॅराबोला नावाचा वक्र). म्हणजे ९९६.६७ अधिक ३३५.८३, बरोबर १३३२.५०.

गणित म्हणून नवी पद्धत जास्त चांगली आहे. काठ खरोखर परवलयाकार असेल तर ती अचूक उत्तर देते, जुनी देत नसे. परीक्षकांना हा कागद दाखवला तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. त्यांनी लाल रेघा खोडल्या, सही केली आणि स्टँडकडे धावले. मुलांना गुण मिळाले. पण शेजारच्या तालुक्यात अशीच परीक्षा झाली असेल, तिथे कागद-पेन्सिल घेऊन बसायला कुणाला वेळ मिळाला नसेल, तर? हा विचार मला अजून सोडत नाही.

आता दोष कुणाचा? सायपाय लिहिणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. जुनं नाव त्यांनी साडेतीन वर्षं चालू ठेवलं होतं. या प्रकल्पांत खपणारे बरेच जण पगाराविना खपतात. जुनं सगळं कायम वाहायचं तर प्रत्येक गोष्टीच्या दोन-दोन चाचण्या, दोन-दोन माहितीपत्रकं, आणि नव्याने शिकणाऱ्याला प्रश्न की यातलं खरं कोणतं. त्यांचे नियमही ठरलेले असतात. ‘सेज’ नावाच्या मोठ्या गणिती सॉफ्टवेअरमध्ये काही काढायचं तर निदान एक वर्ष आधी इशारा द्यायचा. ‘सिम्पाय’ या तसल्याच दुसऱ्या भांडारातही वर्षाची मुदत. कागदावर यात खोट काढण्यासारखं काही नाही.

अडचण अशी की तो इशारा ज्या रस्त्यावर टांगलेला असतो त्या रस्त्याने आम्ही कधी जातच नाही. आमच्या जुन्या कॉम्प्युटरांवर सायपायची १.३ आवृत्ती होती, उबुंटू या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या २०२० च्या आवृत्तीसोबत आलेली. तिथून आम्ही दोन दुपारींत थेट १.१४ च्या पलीकडे उडी मारली. मधल्या आवृत्त्या, मधल्या सूचना, मधली साडेतीन वर्षं आमच्यासाठी घडलीच नाहीत. ज्याच्याकडे रोज इंटरनेट आहे आणि जो दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती घेतो त्याला इशारा मिळतो, आणि खरं तर त्याला त्याची गरजही कमी असते. ज्याला गरज आहे तो वीज पडली की मगच अपडेट करतो. आमचं मॅन्युअल एकदा छापलं की पाच-सहा वर्षं चालतं. पुढच्या बॅचला मागच्या बॅचच्या झेरॉक्स मिळतात, त्यांवर मागच्यांनी पेनाने केलेल्या खुणांसकट.

म्हणून माझं म्हणणं असं की इशारा रस्त्यावर लावा, पण नाव काढल्यावर त्या जागेवर पाटीही ठेवा. हे अशक्य नाही. नमपाय हे सायपायच्याही खालचं भांडार आहे. २००६ नंतर पहिल्यांदा २०२४ च्या जूनमध्ये त्याची मोठी आवृत्ती, २.०, आली आणि त्यात कितीतरी नावं गेली. पण ‘संख्या नाही’ या अर्थाचं ‘नॅन’ तुम्ही जुन्या पद्धतीने, मोठ्या अक्षरांत लिहिलं, तर ते नुसतं ‘सापडत नाही’ म्हणून थांबत नाही. हे नाव २.० मध्ये काढलं, आता छोट्या अक्षरांतलं वापरा, असं सरळ सांगतं. एक ओळ. ती ओळ त्या दिवशी आमच्या स्क्रीनवर असती तर मी व्हरांड्यात गेले नसते आणि त्या पोराने स्वतःच दुरुस्त करून टाकलं असतं.

आमच्याकडे तलाठ्याला जुनी माणसं अजून पटवारी म्हणतात. कागदावर तलाठी होऊन जमाना झाला, आणि २०२४ मध्ये सरकारने तेही बदलून ‘ग्राम महसूल अधिकारी’ केलं. माझी सासू अजूनही “पटवाऱ्याकडून सातबारा आण” म्हणते, आणि सातबारा येतो. पटवारी नावाचं पद अस्तित्वात नाही असं सांगून तिला दारातून कुणी परत पाठवत नाही. जुनं नाव नव्या माणसापर्यंत पोचवणं एवढंच काम आहे, आणि कॉम्प्युटरमध्ये तर ते एका ओळीत होतं.

नाव काढणं मी तरी माफ करीन, कारण नाव नसलं की प्रोग्राम थांबतो आणि थांबला की माणूस बघतो. नाव तेच ठेवून अर्थ बदलणं वाईट. ते मी स्वतः केलेलं आहे, म्हणून सांगते.

काही वर्षांपूर्वी याच वावराच्या प्रात्यक्षिकासाठी मी एक छोटी फाइल लिहिली होती. तिला आधी अंतरं द्यायची, मग रुंद्या, की ती क्षेत्रफळ देणार. आसपासच्या दोन-तीन कॉलेजांतल्या मैत्रिणींनी पेन ड्राइव्हवर नेली. पुढे माझ्या लक्षात आलं की सायपायमध्ये क्रम उलटा आहे, आधी रुंदी, मग अंतर. म्हटलं आपणही तसंच करावं, मुलांचा गोंधळ नको. मी क्रम उलटा केला, फाइलचं नाव तेच ठेवलं आणि नवी फाइल सगळ्यांना पाठवून दिली. कुणाला काही बोलले नाही, कारण मला ती सुधारणा वाटली.

दोन महिन्यांनी एका मैत्रिणीचा फोन. तिच्या एका विद्यार्थ्याने स्वतःच्या घरचं वावर मोजून आणलं होतं आणि उत्तर बघून त्याचा चेहरा पडला होता: “आमचं वावर इतकं कमी कसं काय, मॅडम?” मी तिला माझ्याच मॅन्युअलची मापं घालून बघायला सांगितलं. १३४० च्या जागी ४६० आलं. लाल अक्षर नाही, इशारा नाही. ४६० चौरस मीटर म्हणजे साडेचार गुंठे, अशीही वावरं असतात, म्हणून संशय यायचं कारणच नाही. (गणितवाल्या वाचकांसाठी एक गंमत: १३४० आणि ४६० मिळून १८०० होतात, म्हणजे ५० गुणिले ३६ चा पूर्ण आयत. क्रम उलटल्यामुळे ती फाइल वावराऐवजी आयतातला उरलेला तुकडा मोजत होती. चुकीलाही स्वतःचं गणित असतं.) मैत्रिणीने मला काही म्हटलं नाही, पण तिच्या वर्गातल्या किती वह्यांत ती उत्तरं गेली असतील ते मला माहीत नाही.

मी करायला काय हवं होतं ते आता कळतं. जुनं जसं होतं तसं ठेवायचं आणि नव्या क्रमाला नवं नाव द्यायचं. किंवा सायपायने पुढे ‘सिम्पसन’मध्ये केलं तसं: मापं पहिली, आणि अंतर द्यायचं तर ‘हे अंतर आहे’ असं नाव सांगूनच द्यायचं. नुसतं दुसऱ्या जागी ठेवून चालत नाही. मग क्रम चुकण्याचा प्रश्नच उरत नाही.

अर्थ बदलावाच लागला तर तो कसा बदलावा याचा एक चांगला नमुना ‘आर’मध्ये आहे. ‘आर’ हे संख्याशास्त्राचं मुक्त सॉफ्टवेअर, शेतीच्या प्रयोगांत भरपूर वापरलं जातं. कोणत्या प्लॉटला कोणतं खत हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं असतं, त्या चिठ्ठ्या तिथे कॉम्प्युटर टाकतो. एक ठरावीक आकडा दिला, त्याला ‘सीड’ म्हणतात (सरकीचं बियाणं नव्हे), की दर वेळी त्याच चिठ्ठ्या निघतात, म्हणजे दुसऱ्याला तुमचं काम पडताळता येतं. चिठ्ठ्या काढायच्या जुन्या पद्धतीत एक बारीक खोट होती, संख्या फार मोठी असली की ती जाणवायची. २०१९ च्या ३.६.० आवृत्तीत ती दुरुस्त केली. दुरुस्ती केली म्हणजे तोच सीड देऊन वेगळ्या चिठ्ठ्या निघणार, जुने निबंध पडताळताना जुळणार नाहीत. पण त्यांनी जुन्या पद्धतीवर परत जायला एक ओळ ठेवली. ती लिहिली की आवृत्ती नवी, चिठ्ठ्या जुन्या. चूकही दुरुस्त झाली आणि मागच्यांचा हिशेबही बुडाला नाही.

याच्या उलट, पायथॉन २ मध्ये तीन भागिले दोन केलं की उत्तर एक यायचं, पायथॉन ३ मध्ये दीड येतं. भागाकाराची खूण तीच. पायथॉन ३ २००८ मध्ये आलं आणि जुन्याचा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. अकरा वर्षं दिली, कमी नाहीत. तरीही माझ्या कपाटातल्या पर्जन्यमानाच्या जुन्या प्रोग्राममधल्या कोणत्या सरासरीला अपूर्णांक अपेक्षित होता आणि कोणत्या ठिकाणी मुद्दाम खालचा पूर्णांक घेतला होता, हे मला स्वतःलाही आता सांगता येत नाही.

आणि एवढ्या बदलांच्या खाली काय आहे ते बघा. नमपायमध्ये तुम्ही समीकरणांचा संच सोडवता तेव्हा खरं काम करतं ते ‘लापॅक’ नावाचं त्याहून जुनं भांडार, १९९२ पासूनचं. त्यात समीकरणं सोडवणाऱ्या भागाचं नाव ‘डीजीईएसव्ही’. धड वाचताही येत नाही. फोरट्रान या कॉम्प्युटरच्या भाषेच्या जुन्या रूपात नावाला सहा अक्षरांपेक्षा जास्त जागा नसायची, म्हणून असं. तीस वर्षांवर झाली, ते नाव कुणी सुंदर करायला गेलं नाही, आणि त्याच्यावर अर्ध्या जगाची आकडेमोड उभी आहे. तसंच अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथ यांचं ‘टेक’, गणित छापण्याचं सॉफ्टवेअर. त्यात ते फक्त चुका दुरुस्त करतात, नवं काही घालत नाहीत, आणि दर दुरुस्तीला आवृत्तीच्या आकड्यात ‘पाय’चा एकेक अंक वाढतो. २०२१ ची आवृत्ती ३.१४१५९२६५३. आपल्यानंतर ती नुसती ‘पाय’ करावी आणि पुढे कुणी हात लावू नये, असं त्यांनी सांगून ठेवलं आहे. माझा एम.फिल.चा प्रबंध २००१ चा, टेकवरच उभ्या असलेल्या ‘लाटेक’मध्ये लिहिलेला. मागच्या वर्षी फाइल उघडून पुन्हा छापली. पान तेच, सूत्रं तीच, शेवटच्या प्रकरणातली माझी चूकही तीच.

सगळं सॉफ्टवेअर असं गोठवून ठेवा असं मी म्हणत नाही. पण पुरवणीत ज्यांचे फोटो आले त्या मुलांना माझं सांगणं आहे. एखादं नाव तुम्हाला ओबडधोबड वाटलं आणि ते बदलावंसं वाटलं, तर आधी हा विचार करा की ते नाव कुठल्या कुठल्या झेरॉक्समध्ये असेल. बदललंत तर जुनं नवीनला बांधून ठेवा. काढलंत तर त्या जागी एका ओळीची पाटी ठेवा, आणि ती पाटी पाच-सात वर्षं हलवू नका, तिला खायला लागत नाही. उत्तर बदलणारी सुधारणा असेल तर जुन्या उत्तराकडे जायची वाट ठेवा, आणि माहितीपत्रकात एक उदाहरण दोन्ही उत्तरांसकट द्या. आमच्याकडून तक्रार येत नाही म्हणजे आम्ही नाही असं समजू नका. आम्हाला इंग्रजीत तक्रार लिहायचा संकोच वाटतो आणि तोवर एसटीची वेळ झालेली असते.

माझ्या शिक्षक बांधवांनाही एक विनंती. मॅन्युअलमध्ये नुसतं ‘पायथॉन वापरा’ लिहू नका, आवृत्तीचा आकडा लिहा. ज्या आवृत्त्यांवर तुमची उत्तरं आली त्या एका पेन ड्राइव्हवर काढून कपाटात ठेवा. मी तो आता प्रयोगशाळेच्या चावीच्याच जुडग्याला अडकवला आहे. आणि नव्या सात कॉम्प्युटरांवर चार ओळींची एक फाइल टाकली आहे, जी ‘ट्रॅप्झ’ला ‘ट्रॅपेझॉइड’कडे आणि ‘सिम्प्स’ला ‘सिम्पसन’कडे पाठवते.

नवं मॅन्युअल छापायला दिलं आहे. वावर तेच आहे, बाभळीपर्यंतचं, पट्टेही पाचच. उत्तराच्या रकान्यात दोन आकडे छापले आहेत आणि प्रत्येकापुढे आवृत्ती.

आपली,
एक गणित प्राध्यापिका, यवतमाळ जिल्हा
(कृपया नाव छापू नये. परीक्षक पुढच्या वर्षीही तेच असण्याची शक्यता आहे.)